गजबजलेल्या घराला कोणता राउटर?

राउटर घ्यायला दुकानात गेलेला माणूस बहुधा एकच प्रश्न विचारतो, रेंज किती? दुकानदारही अँटेना मोजून दाखवतो. चार अँटेनांचा घ्या, सहांचा घ्या, दोन भिंती आरामात पार करेल. घरात दोन फोन आणि एक लॅपटॉप होता तेव्हा एवढी चौकशी पुरायची. आज डोंबिवलीतल्या किंवा पिंपरीतल्या साध्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये सकाळी अकरा वाजता काय चाललेलं असतं ते पाहा. एका खोलीत ऑफिसचा व्हिडिओ कॉल, दुसऱ्या खोलीत दुसऱ्या ऑफिसचा, मुलीचा ऑनलाइन क्लास, हॉलमध्ये आजी-आजोबांची मालिका, दारावरचा कॅमेरा अखंड चित्रण पाठवतोय आणि चार फोन कुणाला न सांगता आपापले फोटो क्लाउडवर चढवतायत. स्मार्ट बल्ब, गीझरचा प्लग आणि प्रिंटर धरले तर पंधरा-वीस उपकरणं सहज भरतात. सिग्नलच्या सगळ्या कांड्या दिसतात आणि तरीही कॉलमध्ये आवाज तुटतो. दुखणं गर्दीचं असतं, आणि आपण औषध रेंजचं आणतो.

अशा घराला महागडा राउटर लागत नाही, असं माझं ठाम मत आहे. साधारण दोन ते साडेतीन हजारांत काम होतं. त्यासाठी गर्दी नेमकी कुठे होते हे आधी कळायला हवं.

वायफाय म्हणजे रेडिओ. एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं, हा त्याचा मूळ नियम. सोसायटीच्या वार्षिक सभेत एकच माईक असावा, तसं. प्रत्येक उपकरण आधी कान देऊन ऐकतं, कुणी बोलत असेल तर थांबतं, शांतता झाली की थोडा वेळ जाऊ देऊन मग आपलं म्हणणं मांडतं. राउटरही याच रांगेत असतो. १९९७ साली ८०२.११ हे वायफायचं पहिलं मानक आलं तेव्हा वेग होता सेकंदाला २ मेगाबिट. आज तो हजारांत गेला आहे, पण आळीपाळीने बोलायची पद्धत मुळात तीच आहे. म्हणून घरात वाटली जाते ती चीज मेगाबिट नव्हे, वेळ. राउटरजवळचा लॅपटॉप सेकंदाला ४०० मेगाबिटने बोलत असेल तर एक मेगाबाइटचा फोटो पाठवायला त्याला सेकंदाचा पन्नासावा भाग पुरतो. शेवटच्या खोलीत दाराआड असलेला जुना फोन १० मेगाबिटवर अडखळत असेल तर त्याच फोटोला पाऊण सेकंदाहून जास्त वेळ लागतो. तेवढा वेळ बाकीच्यांना जागा सापडणं कठीण होतं. एका कोपऱ्यातल्या अशक्त उपकरणामुळे सगळं घर मंदावतं ते यामुळे. दूरच्या खोलीत पुरेसा सिग्नल पोचवायचा तो त्या एका खोलीसाठी नव्हे, सगळ्या घरासाठी.

या माईकवर शेजारीही हक्क सांगतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ साली परवानामुक्त झाला. त्याची रुंदी जेमतेम ८३.५ मेगाहर्ट्झ. त्यात चॅनल तेरा मोजले जात असले तरी एकमेकांवर न चढणारे तीनच मिळतात, १, ६ आणि ११. इमारतीच्या एका विंगमध्ये फोनवर वायफायची यादी उघडली तर वीस नावं सहज दिसतात आणि ती सगळी या तीन जागांत दाटीवाटीने बसलेली असतात. ब्लूटूथ याच पट्ट्यात चालतं, मायक्रोवेव्ह ओव्हनची गळतीही याच पट्ट्यात होते. दुपारी जेवण गरम करायला ठेवलं आणि कॉल अडकला, हा अनुभव म्हणूनच अनेकांना येतो.

५ गिगाहर्ट्झचा पट्टा हे यावरचं उत्तर. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने या पट्ट्यातला तब्बल ६०५ मेगाहर्ट्झचा भाग वायफायसाठी परवानामुक्त केला. २.४ च्या सातपटींहून ही जागा जास्त आहे. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीत लवकर दमतात, ही त्यांच्याबद्दलची नेहमीची तक्रार. दाट वस्तीत मात्र तोच गुण ठरतो, कारण शेजाऱ्याच्या लहरीही आपल्या घरात येईपर्यंत दमलेल्या असतात. त्यामुळे नुसत्या २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा, खोक्यावर ‘एन३००’ लिहिलेला राउटर हजार रुपयांत मिळाला तरी गजबजलेल्या घराने घेऊ नये. त्यापेक्षा इंटरनेट कंपनीने फुकट दिलेला डबा बरा. कॅमेरा, बल्ब, प्लग ही मंडळी बहुधा २.४ वरच चालतात. त्यांना तिथे राहू द्यावं आणि फोन, लॅपटॉप, टीव्ही यांनी ५ वर जावं. राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देत असेल आणि फोन सारखा २.४ ला चिकटत असेल, तर सेटिंगमध्ये जाऊन दोन वेगळी नावं द्यावीत.

खोक्यावरच्या मोठ्या आकड्यांचं गणित असं. ‘एसी१२००’ म्हणजे ५ गिगाहर्ट्झवर ८६७ आणि २.४ वर ३०० मेगाबिट, दोन्हींची बेरीज वर ढकलून. ‘एएक्स१५००’ म्हणजे १२०१ आणि ३००. ‘एएक्स१८००’ म्हणजे १२०१ आणि ५७४. ‘एएक्स३०००’ म्हणजे २४०२ आणि ५७४. तुमचा फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, त्यामुळे ही बेरीज त्याच्या कामाची नसते. शिवाय हा रेडिओचा वेग झाला. रांग, पोचपावत्या, पुन्हा पाठवणं यांत बराच भाग खर्ची पडून हाताशी साधारण निम्मा उरतो. अँटेनांचंही तसंच. चार काड्या दिसल्या तरी बहुतेक स्वस्त राउटरमध्ये दोन ५ साठी आणि दोन २.४ साठी असतात. त्यातच, तुमच्या फोनला उलट उत्तरही द्यावं लागतं, आणि बॅटरी वाचवण्यासाठी फोनचा प्रक्षेपक लहान ठेवलेला असतो. राउटर कितीही जोरात ओरडला तरी फोनचा आवाज त्याच्यापर्यंत पोचला नाही तर संभाषण होत नाही. ‘हाय पॉवर’ या शिक्क्याला म्हणून फार महत्त्व देऊ नये.

स्वस्त राउटरमधला खरा सापळा मागच्या बाजूला, तारेच्या भोकात असतो. इंटरनेट जिथून आत येतं त्या पोर्टचा वेग किती? अनेक ‘एसी१२००’ राउटरमध्ये तो १०० मेगाबिटच असतो. हवेत ८६७ चा आकडा, आणि दारात १०० ची खिडकी. २०० किंवा ३०० मेगाबिटचा प्लॅन घेऊन महिनोन्महिने ९४-९५ वर अडकलेली घरं मी कितीतरी पाहिली आहेत. केबलवाल्याला फोन होतात, तो येऊन फायबर साफ करून जातो, आकडा ९४ चा ९४ च राहतो. दोष त्याचा नसतो. टीपी-लिंकच्या आर्चर सी५० आणि आर्चर सी६ या दोन मॉडेलांवर ‘एसी१२००’ हाच आकडा आहे. सी५० चे पोर्ट १०० मेगाबिटचे आहेत, सी६ चे गिगाबिट. किमतीत थोड्या रुपयांचा फरक, आणि उपयोगात दहापट. खोक्यावर ‘१०/१०० पोर्ट’ किंवा ‘फास्ट इथरनेट’ असेल तर तो १०० चा, ‘१०/१००/१०००’ किंवा ‘गिगाबिट’ असेल तर १००० चा. बजेट कमी असेल तर अँटेना कमी घ्या, ब्रँड साधा घ्या, पण पोर्ट गिगाबिटचाच घ्या. आजचा प्लॅन १०० चा असला तरी उद्याचा नसेल.

दुसरी पैसे घालण्यासारखी गोष्ट म्हणजे वायफाय ६. हे आकडे वायफाय अलायन्सने २०१८ मध्ये सुरू केले. ८०२.११एन म्हणजे ४, एसी म्हणजे ५, एएक्स म्हणजे ६. आधीच्या पिढ्यांनी मुख्यतः वेग वाढवला, तर सहाव्या पिढीने गर्दीचा विचार केला. यातली ओएफडीएमए ही पद्धत एका चॅनलचे लहान लहान तुकडे पाडते आणि एकाच पाळीत अनेकांना थोडं थोडं देते. नेहमीच्या २० मेगाहर्ट्झच्या चॅनलवर एकाच वेळी नऊ उपकरणांपर्यंत हे जमू शकतं. व्हिडिओ कॉलचा आवाज, चॅटचा संदेश, कॅमेऱ्याची सूचना ही सगळी माहितीची बारकी पाकिटं असतात. त्यांनी एकेक करून रांग लावण्यापेक्षा हे फार बरं. अट अशी की समोरचं उपकरणही वायफाय ६ चं हवं. जुन्या फोनला यातलं काही मिळत नाही, पण नवे पटकन काम उरकून बाजूला होतात म्हणून त्यालाही जागा जास्त मिळते. इथे एक बारकावा आहे. स्वस्त ‘एएक्स१५००’ मध्ये वायफाय ६ फक्त ५ गिगाहर्ट्झवर असतं. २.४ वरचे ते ३०० मेगाबिट म्हणजे जुनं वायफाय ४ च. दोन्ही पट्ट्यांवर नवी पद्धत हवी असेल तर ‘एएक्स१८००’ किंवा पुढचा पाहावा. दोन बेडरूमच्या घराला ‘एएक्स१५००’ पुरतो, कारण आपली जड कामं ५ वरच जायची आहेत.

वायफाय ७ सध्या सोडून द्यावं. त्याची मोठी ताकद ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आहे. भारतात त्या पट्ट्याचा खालचा भाग मोकळा करण्याचा मसुदा २०२५ च्या मे महिन्यात निघाला. वायफाय ७ च्या स्वस्त मॉडेलांत तर बहुधा २.४ आणि ५ हे दोनच पट्टे असतात, ६ गिगाहर्ट्झ नसतंच.

आता वेगाची खरी गरज मोजू. नेटफ्लिक्स हाय डेफिनिशनसाठी ५ आणि फोर-केसाठी १५ मेगाबिट सांगतं. एक व्हिडिओ कॉल चांगल्या दर्जाचा असला तरी तीन-चार मेगाबिटच्या आसपास राहतो. सुरुवातीच्या त्या सकाळच्या घराची बेरीज केली, म्हणजे दोन कॉल, एक क्लास, एक मालिका, एक कॅमेरा, तर ती पंचवीसच्या आतच येते. प्लॅन १०० चा. मग अडतं कुठे?

ते अडतं रांगेत. चार फोन एकदम फोटो वर चढवू लागले की अपलोडची वाट भरते. राउटर जास्तीची पाकिटं फेकून देण्याऐवजी आपल्या स्मृतीत साठवत जातो, आणि कॉलमधल्या आवाजाचं पाकीट त्या फोटोंच्या मागे उभं राहतं. अपलोड २० मेगाबिटचं आहे आणि राउटरने एक मेगाबाइटची रांग लावली आहे असं धरा. मागच्या पाकिटाला ०.४ सेकंद थांबावं लागेल. एका दिशेचा उशीर ०.१५ सेकंदाच्या पुढे गेला की माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. वेगाची चाचणी घेतली तर आकडा उत्तम येतो, कारण वेगाचा आकडा रांगेचं माप घेत नाही. जिम गेटिस या अमेरिकन अभियंत्याने २०१० च्या सुमारास या दुखण्याचा छडा लावला आणि त्याला ‘बफरब्लोट’ असं नाव मिळालं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल हा उपाय मांडला. रांगेतलं पाकीट किती वेळ ताटकळलं ते पाहायचं, आणि तो वेळ सतत जास्त राहिला तर एखादं पाकीट मुद्दाम टाकून देऊन पाठवणाऱ्याला हात आखडायला लावायचं. पुढे त्याला प्रत्येक प्रवाहाची वेगळी रांग करण्याची जोड मिळाली. मग फोटो आपल्या रांगेत, आवाज आपल्या.

हे घरी तपासता येतं. लॅपटॉपवर पिंग, म्हणजे पाकीट जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते सांगणारी आज्ञा, चालू ठेवा आणि फोनवरून मोठा व्हिडिओ क्लाउडवर चढवा. १० मिलिसेकंदांचा आकडा ३००-४०० वर उडाला तर दुखणं हेच. राउटरमध्ये ‘क्यूओएस’ची, म्हणजे वेगाचं वाटप ठरवण्याची, सोय असेल तर तिथे अपलोड आणि डाउनलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या साधारण नव्वद टक्के भरा. थोडा वेग सोडून द्यायचा आणि रांगेचा ताबा आपल्याकडे घ्यायचा. महाग राउटर न घेता कॉल सुधारण्याचा इतका गुणकारी उपाय दुसरा मला माहीत नाही. ज्यांना थोडी खटपट जमते त्यांनी ओपनडब्ल्यूआरटी या राउटरवर चालणाऱ्या मुक्त प्रणालीच्या यादीत असलेलं मॉडेल निवडावं. लिंकसिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर डिसेंबर २००२ मध्ये आला. त्यात लिनक्स वापरल्यामुळे परवान्यानुसार त्याचा सोर्स कोड खुला करावा लागला, आणि त्यातून २००४ मध्ये ही मुक्त प्रणाली उभी राहिली. तिच्यात ही रांगेची शिस्त उपलब्ध आहे, आणि कंपनीने अपडेट थांबवल्यावरही अनेक जुने राउटर तिच्यावर चालत राहतात.

राउटर घेतला तरी तो ठेवायचा कुठे हा प्रश्न उरतो, आणि तो राउटरइतकाच मोठा आहे. फायबर बहुधा मुख्य दारातून येतं आणि कंपनीचा माणूस फायबर जिथे संपतं तो ओएनटीचा डबा जवळच्या टीव्हीमागे ठोकून जातो, म्हणजे घराच्या एका टोकाला. तो डबा तिथेच राहू द्या. त्याच्यापासून दहा-पंधरा मीटरची कॅट ५ई किंवा कॅट ६ तार काढून राउटर पॅसेजमध्ये, घराच्या मध्याशी, डोक्याच्या उंचीवर बसवा. कॅट ५ईवर शंभर मीटरपर्यंत गिगाबिट चालतं. तार घेताना ती पूर्ण तांब्याची आहे का ते विचारा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार स्वस्त पडते, पण ती लवकर तुटते. लोखंडी कपाट, मोठा आरसा, माळ्यावरची पाण्याची टाकी यांच्याआड राउटर नको, धातू लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषून घेतं. आरसीसीच्या कॉलममागची खोली किंवा जांभ्याच्या जाड भिंतींचं कोकणातलं घर असेल तर अडचण आणखी वाढते. अंदाज बांधण्यापेक्षा मोजावं. अँड्रॉइडवर सिग्नल दाखवणारी फुकट ॲप मिळतात. कॉलच्या खुर्चीवर बसून उणे ६७ डीबीएम किंवा त्याहून चांगला आकडा आला तर निर्धास्त राहा, उणे ८० च्या खाली गेला तर ती जागा किंवा राउटर हलवा. प्रत्येक ३ डीबीला शक्ती निम्मी होते, म्हणून दारामागून दारापुढे येण्यानेही फरक पडतो.

कंपनीच्या डब्याचं स्वतःचं वायफाय असेल तर नवा राउटर लावल्यावर ते बंद करावं, नाहीतर आपलाच शेजारी आपण घरात आणतो. नव्या राउटरला ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर ठेवलं तर पत्ते वाटायचं काम एकाच डब्याकडे राहतं आणि गेम किंवा ऑफिसच्या व्हीपीएनची कुरकुर कमी होते. मात्र वर सांगितलेली रांगेची शिस्त राउटरकडून हवी असेल, तर डबाच ब्रिज मोडवर टाकून मिळतो का ते कंपनीला विचारावं.

दोन मजली घर किंवा लांबलचक वाडा असेल तर एक राउटर पुरणार नाही. तिथे रिपीटर घेण्याचा मोह होतो. रिपीटर राउटरचं बोलणं ऐकतो आणि तेच त्याच चॅनलवर पुन्हा म्हणतो. म्हणजे प्रत्येक गोष्टीला दुप्पट वेळ, आणि वेळच तर आपल्याकडे कमी आहे. एकमेकांशी जोडलेल्या दोन-तीन डब्यांच्या ‘मेश’ संचालाही, तो दोन पट्ट्यांचा स्वस्त असेल तर, बिनतारी जोडणीत हीच अडचण येते. त्यापेक्षा वरच्या मजल्यावर एक तार ओढून तिथे दुसरा साधा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावावा. तारेवर टीव्हीही टाकावा. टीव्हीचा पोर्ट १०० मेगाबिटचा असला तरी फोर-केच्या १५ ला तो भरपूर झाला, आणि घरातला सर्वांत खादाड गडी हवेतून बाजूला झाला.

सुरक्षिततेच्या दोन-तीन गोष्टी बसवतानाच उरकाव्यात. राउटरच्या सेटिंगचा मूळ पासवर्ड बदलावा. २०१६ मध्ये मिराई या घुसखोर प्रणालीने न बदललेल्या पासवर्डांच्या जोरावर लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. पिन किंवा बटणाने उपकरण जोडणारं डब्ल्यूपीएस बंद करावं, कारण त्याचा आठ आकडी पिन प्रत्यक्षात अकरा हजार प्रयत्नांत सापडू शकतो हे २०११ मध्येच उघड झालं आहे. वायफायच्या सुरक्षिततेसाठी डब्ल्यूपीए३ मिळत असेल तर ते निवडावं, जुनी उपकरणं अडली तर डब्ल्यूपीए२. कॅमेरा आणि बल्ब पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या नेटवर्कवर ठेवावेत.

आणि वीज. फायबरच्या वाटेत ऑपरेटरच्या केंद्रापासून आपल्या घरापर्यंत प्रकाश विभागणारे भाग विजेविना चालतात. त्यामुळे गल्लीतली वीज गेली तरी केंद्रावर बॅकअप असेल तर प्रकाश आपल्या दारापर्यंत येतच राहतो. बंद पडतात ते आपले दोन डबे. हजार-दीड हजारांत मिळणारा छोटा डीसी यूपीएस त्यांना काही तास चालवतो. बाजारातले बरेचसे यूपीएस १२ व्होल्टचे असतात, आणि काही स्वस्त राउटर ९ व्होल्टवर चालतात. म्हणून राउटर पसंत करतानाच ॲडॅप्टरवरचे व्होल्ट वाचावेत, दोन्ही डब्यांचे अँपिअर मिळवावेत आणि यूपीएस त्या बेरजेपेक्षा थोडा मोठा घ्यावा. ओएनटी एक अँपिअरचा आणि राउटर दीड अँपिअरचा असेल, तर तीन अँपिअर देणारा, दोन पिनांचा.